२५ डिसेंबरला सुट्टी कोणाला?

आमच्या टीमचा ऑन-कॉल रोटा बनवणारी स्क्रिप्ट मी लिहिलेली आहे. अवघ्या चाळीस ओळींची. टीममध्ये तेरा जण, प्रत्येकाला एक आठवडा, क्रम आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे. १ जानेवारी आली की यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू. ज्याचा आठवडा असेल त्याने फोन उशाशी ठेवून झोपायचं आणि सर्व्हर कोसळला तर रात्री-अपरात्री उठून लॉगिन करायचं. कोणावर अन्याय नको, वशिला नको, म्हणून हे काम माणसाकडून काढून मशीनला दिलं होतं.

मागच्या डिसेंबरात चहा पिताना टीममधला वसईचा सहकारी सहज म्हणाला, "माझा नाताळ काय, ठरलेलाच. रात्री मिस्सा, सकाळी लॉगिन."

"म्हणजे याही वर्षी तूच?"

"सलग तिसऱ्या वर्षी. राहू दे गं, सवय झाली आता. त्या दिवशी लोडपण कमी असतो."

जागेवर परत येऊन मी गणित मांडलं. वर्षाचे आठवडे बावन्न. तेरा चोक बावन्न. भाग नि:शेष जातो. २५ डिसेंबर कायम बावन्नाव्या आठवड्यात येतो, बावन्नावा आठवडा कायम यादीतल्या तेराव्या माणसाकडे जातो, आणि यादीत तेरावा तो होता.  कोणी मुद्दाम केलं नव्हतं. पण तीन वर्षं आम्हा बारा जणांपैकी कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण आम्हा बारा जणांना त्या दिवशी कुठे जायचं नव्हतं.

त्या आठवड्यात मी नाताळचा इतिहास वाचायला घेतला. अपराधी वाटत होतं म्हणून म्हणा. झाड कुठून आलं, सांताचा झगा लाल कधी झाला, असलं काहीतरी वाचायला मिळेल असं वाटलं होतं. ते मिळालंच. पण त्यापेक्षा जास्त वेळा, जवळजवळ प्रत्येक शतकात, मला एकच भांडण सापडत गेलं: या दिवशी काम थांबवायचं का, आणि थांबवायचं तर कोणाचं?

रोममधले सात दिवस

दर डिसेंबरात व्हॉट्सअपवर एक फॉरवर्ड फिरतो की नाताळ हा मुळात ख्रिस्ती सण नाहीच, तो रोमन लोकांचा सूर्याचा उत्सव आहे. त्यात थोडं तथ्य आहे आणि बरीच घाई आहे.

बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीख नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडचे ज्ञानी आहेत, लूकच्या शुभवर्तमानात रानात कळप राखणारे मेंढपाळ आहेत, पण महिना कुठेच नाही. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना वाढदिवसाचं फारसं अप्रूपही नव्हतं. तिसऱ्या शतकातला धर्मपंडित ओरिजेन तर म्हणायचा की वाढदिवस साजरे करतात ते फारो आणि हेरोदसारखे पापी लोक.

२५ डिसेंबर ही तारीख आपल्याला स्पष्टपणे दिसते ती रोममध्ये ३५४ साली तयार झालेल्या एका सचित्र पंचांगात. गंमत अशी की त्याच पंचांगात, त्याच तारखेला, 'अजिंक्य' सूर्यदेवाचा जन्मदिवस आणि त्यानिमित्त तीस रथशर्यती, अशीही नोंद आहे. काही अभ्यासक म्हणतात, चर्चने सूर्याचा दिवस उचलला. इतर काही म्हणतात, येशूच्या मृत्यूची तारीख २५ मार्च मानली जायची, गर्भधारणाही त्याच दिवशी झाली असं धरलं जायचं, आणि त्यात नऊ महिने मिळवले की २५ डिसेंबर येतो. आपल्याकडच्या 'नाताळ' शब्दात तर फक्त जन्म आहे. तो पोर्तुगीजांबरोबर इथे आला आणि त्याच्या मुळाशी जन्मासाठीचा लॅटिन शब्द आहे.

पण त्या तारखेच्या आसपास रोममध्ये आणखी एक सण होता, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. १७ डिसेंबरला सुरू होणारा सॅटर्नालिया. शनिदेवाचा, म्हणजे सॅटर्नचा सण. न्यायालयं बंद, शाळा बंद, एरवी बेकायदा असलेला जुगार खुलेआम चालू. गुलाम आणि मालक एका पंगतीला बसायचे, काही घरांत मालक गुलामांना वाढायचे. दुसऱ्या शतकातल्या लुसियन या लेखकाने या सणाचे थट्टेखोर 'कायदे' लिहून ठेवलेत. त्यातला एक असा की या दिवसांत खेळ आणि मौज सोडून कोणीही कसलंही काम करायचं नाही, आणि गुलाम असो की मालक, गरीब असो की श्रीमंत, सगळे सारखे.

कवी होरेसने या सणावर एक उपहासिका लिहिली आहे. तिच्यात दावुस नावाचा त्याचा गुलाम डिसेंबरची सूट घेऊन मालकाला तोंडावर सुनावतो की खरा गुलाम तूच आहेस, आपल्या वासनांचा. बराच वेळ होरेस ऐकून घेतो. शेवटी चिडतो आणि धमकी देतो: चालता हो, नाहीतर शेतावर पाठवीन राबायला.

सुट्टी मिळाली होती खरी, पण ती कधी संपवायची हे मालकाच्या हातात होतं.

राजाचा हॉलिडे कॅलेंडर

नवव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने कायद्यांची एक संहिता केली. तिच्यात सुट्ट्यांची यादी आहे. एचआर दर जानेवारीत मेल करतं ना, तशीच. नाताळचे बारा दिवस, ईस्टरच्या आधी सात आणि नंतर सात, सुगीत एक आठवडा, शिवाय काही संतांचे दिवस. हिशेब केला तर महिन्याहून जास्त भरतात.

मग अट वाचली. या सुट्ट्या सर्व स्वतंत्र माणसांना. गुलामांना आणि बांधील मजुरांना नाहीत. गुलामांसाठी वर्षातले चार बुधवार, तेही अशासाठी की मोकळ्या वेळात कमावलेलं किंवा देवाच्या नावाने मिळालेलं जे काही असेल ते त्यांना विकता यावं.

नाताळचे ते बारा दिवस, २५ डिसेंबर ते ५ जानेवारी, पुढे सहा-सातशे वर्षं इंग्लंडमध्ये टिकले. थंडीत शेतात काम नाही, धान्य घरात आलेलं, जनावरं कापलेली, बिअर तयार. गरीब लोक टोळ्या करून श्रीमंतांच्या दारात जायचे, गाणी म्हणायचे आणि खाणंपिणं मागायचे. मागायचे म्हणजे हक्कानेच. नोकर-चाकरांमधून एखादा 'अनागोंदीचा राजा' निवडला जायचा आणि तो धन्यांना हुकूम सोडायचा. चर्चमध्ये एखाद्या पोराला काही दिवसांपुरता बिशप बनवायचे. ही प्रथा आठव्या हेन्रीने १५४१ साली बंद केली. आपल्याकडची शिमग्याची सोंगं, पोस्त मागणं आणि शिव्यांची मुभा आठवा, म्हणजे वातावरण साधारण लक्षात येईल. सांता, झाड, मोजे यांतलं काहीही अजून आलेलं नव्हतं.

नाताळ रद्द

आता सतराव्या शतकात या. इंग्लंडमध्ये राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध पेटलं आहे आणि संसदेत प्युरिटन पंथाच्या लोकांचं वजन आहे. ही माणसं नास्तिक नव्हती, उलट सर्वांत कडवी धार्मिक होती. त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं: बायबलमध्ये ही तारीख नाही, देवाने सुट्टीचा दिवस एकच नेमून दिला आहे, तो म्हणजे रविवार. बाकीचे सण माणसांनी घुसडलेले. आणि येशूच्या नावाने दारू पिऊन धिंगाणा घालायचा हा तर त्याचा अपमान.

१६४४ साली २५ डिसेंबर नेमका महिन्याच्या उपासाच्या बुधवारी आला. संसदेने फर्मावलं की उपासच पाळायचा. जून १६४७ मध्ये नाताळ, ईस्टर आणि व्हिटसन हे सण अधिकृतपणे रद्द झाले. "क्रॉमवेलने नाताळवर बंदी घातली" असं सर्रास लिहिलं जातं, पण निर्णय संसदेचा होता.

या वटहुकुमातला पुढचा भाग वाचून मी थबकले. सण रद्द केल्यामुळे विद्यार्थी, शिकाऊ कारागीर आणि नोकर यांच्या सुट्ट्या जात होत्या, हे संसदेला पक्कं ठाऊक होतं. शिकाऊ कारागीरांनी तशी मागणी लावून धरली होती. म्हणून बदल्यात दर महिन्याचा दुसरा मंगळवार त्यांना विश्रांतीचा दिवस म्हणून देण्यात आला. वर्षाचे बारा मंगळवार. सरळ भाषेत, सणाच्या सुट्ट्या काढून घेतल्या आणि कॉम्प-ऑफ दिले.

कागदावर व्यवहार चोख होता. लोकांना तो पटला नाही. त्याच वर्षी २५ डिसेंबरला लंडनच्या कॉर्नहिल भागात शिकाऊ पोरांनी रस्त्यातली पाण्याची टाकी हॉली आणि आयव्हीच्या हिरव्या फांद्यांनी सजवली. कँटरबरीत मेयरने नेहमीसारखा बाजार भरवायचा आदेश काढला. मोजक्या दुकानदारांनी दुकानं उघडली. जमावाने ती बंद पाडली, माल विस्कटला, रस्त्यात फुटबॉल खेळायला काढला आणि दारांवर हिरवे झुपके लावले. प्रकरण दंगलीवर गेलं. पुढच्या वर्षी केंट परगण्यात संसदेविरुद्ध मोठा उठाव झाला, त्याची एक ठिणगी इथे पडली होती. १६६० मध्ये राजेशाही परतली आणि तिच्याबरोबर नाताळही.

अटलांटिकपलीकडे हेच नाटक आधी होऊन गेलं होतं. 'मेफ्लॉवर' जहाजातून अमेरिकेत प्लिमथला उतरलेल्या लोकांनी १६२० चा २५ डिसेंबर घर बांधायला सुरुवात करण्यात घालवला. पुढच्या वर्षीचा प्रसंग गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डने स्वतःच नोंदवून ठेवला आहे. सकाळी त्याने सर्वांना कामावर बोलावलं. नुकत्याच आलेल्या काही जणांनी सांगितलं, या दिवशी काम करणं आमच्या सद्सद्विवेकबुद्धीला पटत नाही. ठीक आहे, तो म्हणाला, तुम्हाला नीट कळेपर्यंत सूट. दुपारी बाकीच्यांबरोबर कामावरून परतला तर ही मंडळी भर रस्त्यात चेंडू खेळत होती. त्याने खेळाचं साहित्य जप्त केलं आणि सांगितलं की इतर राबत असताना तुम्ही खेळावं हे माझ्या विवेकाला पटत नाही. धर्म म्हणून पाळायचा तर घरात बसून पाळा.

आमच्या ऑफिसात दर दुसऱ्या दिवशी हा संवाद होतो. फक्त विवेकाच्या जागी 'बँडविड्थ' हा शब्द असतो.

१६५९ मध्ये शेजारच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीने कायदाच केला. नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड. पाळणं म्हणजे काय हे कायद्यात दिलं आहे, आणि त्या यादीत मेजवानीच्याही आधी पहिला नंबर आहे काम न करण्याचा. हा कायदा १६८१ पर्यंत होता.

सुट्टीतून पळालेले

यापुढचा भाग मला माहीतच नव्हता, आणि मला वाटतं नाताळबद्दल लिहिताना तो वगळला तर बाकीचं लिहिण्यात फारसा अर्थ नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या मळ्यांवर गुलामांना वर्षात एकदाच सलग सुट्टी मिळायची, नाताळ ते नववर्ष. फ्रेडरिक डग्लस स्वतः मेरीलँडमध्ये गुलाम होता, १८३८ मध्ये निसटला आणि १८४५ मध्ये त्याने आत्मकथा लिहिली. या सुट्टीकडे तो कृतज्ञतेने पाहत नाही. काही जण त्या दिवसांत झाडू, टोपल्या, चटया विणत, काही शिकारीला जात. पण मालकांना आवडायचं ते गुलामांनी दारू पिऊन लोळणं. कोण जास्त व्हिस्की पितो यावर ते पैजा लावत. डग्लसचं निदान थंड डोक्याचं आहे: वर्षभर कोंडलेली वाफ या सहा दिवसांत सोडून दिली जाते, म्हणून बंड होत नाही. स्वातंत्र्य म्हणजे हेच, असं माणसाला वाटलं पाहिजे, म्हणजे सुट्टी संपताना तो थकून, स्वतःवरच वैतागून पुन्हा कामाला लागेल.

आणि सुट्टी संपली की १ जानेवारी यायची. गुलामांना पुढच्या वर्षासाठी भाड्याने द्यायचा दिवस. हॅरिएट जेकब्जने आपल्या आत्मकथेत लिहिलं आहे की गुलाम आईसाठी नववर्षाच्या आदल्या रात्रीसारखी भयंकर रात्र नाही. पोरं शेजारी झोपलेली असतात आणि उद्या त्यातलं कोण जाईल हे तिला ठाऊक नसतं.

पण याच सुट्टीत एक फट होती. नाताळात इकडून तिकडे जायला परवान्याची चिठ्ठी मिळायची, आणि गुलाम दोन-चार दिवस दिसला नाही तर लगेच शोधाशोध व्हायची नाही. जॉर्जियातल्या मेकन गावच्या एलेन आणि विल्यम क्राफ्ट या जोडप्याने हे हेरलं. एलेन रंगाने गोरी दिसायची. तिने केस कापले, पुरुषाचा पोशाख केला आणि आजारी गोऱ्या जमीनदाराचं सोंग घेतलं. विल्यम झाला त्याचा नोकर. तिला लिहिता येत नव्हतं. हॉटेलात सही मागतील म्हणून तिने उजवा हात झोळीत बांधला. दोघांनी नाताळची रजा मागून घेतली आणि २१ डिसेंबर १८४८ ला निघाले. आगगाडीने, आगबोटीने, पहिल्या वर्गातून. २५ डिसेंबरच्या सकाळी ते फिलाडेल्फियात पोचले. तिथे गुलामगिरी नव्हती.

जमैकात तर आख्खी सुट्टीच संपाची तयारी बनली. सॅम्युएल शार्प हा स्वतः गुलाम आणि बॅप्टिस्ट चर्चमधला उपदेशक. १८३१ च्या नाताळाआधी प्रार्थनेच्या बैठकांमधून त्याने निरोप फिरवला: सुट्टी संपली की कामावर परतायचं नाही, मजुरी देणार असतील तरच. २७ डिसेंबरच्या रात्री केन्सिंग्टन नावाचा मळा पेटला आणि संपाचं बंड झालं. जमैकात तेव्हा सुमारे तीन लाख गुलाम होते. त्यातले साठ हजारांपर्यंत यात उतरले असं मानलं जातं. चौदा गोरे मारले गेले. बंड मोडल्यावर तीनशेहून अधिक गुलामांना मृत्युदंड दिला गेला. शार्पला मे १८३२ मध्ये फाशी झाली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला. त्यामागे कारणं अनेक होती, पण जमैकाच्या या नाताळची बातमी लंडनला पोचली होती.

बॉब क्रॅचिटची रजा

आज आपण ज्याला नाताळ म्हणून ओळखतो तो याच दशकांतला आहे. १८२३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात आठ रेनडिअरच्या गाडीतून येणाऱ्या सेंट निकोलसची निनावी कविता छापून आली. १८४३ मध्ये लंडनच्या हेन्री कोलने पहिलं छापील नाताळ-कार्ड काढलं. १८४८ मध्ये व्हिक्टोरिया राणी, अल्बर्ट आणि मुलं सजवलेल्या झाडाभोवती उभी आहेत असं चित्र लंडनच्या साप्ताहिकात आलं आणि जर्मन घराघरातलं झाड इंग्रजांच्या दिवाणखान्यात शिरलं. सण रस्त्यावरून घरात आला. पूर्वी गरीब दारात येऊन मागत, आता आई-वडील मुलांना देऊ लागले.

याच काळात चार्ल्स डिकन्सने 'अ ख्रिसमस कॅरल' लिहिलं. १९ डिसेंबर १८४३ ला प्रकाशित झालेली सहा हजार प्रतींची आवृत्ती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपली. बारा वर्षांचा असताना डिकन्सने बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात बरण्यांवर लेबलं चिकटवली होती. १८४३ मध्ये खाणींत आणि कारखान्यांत राबणाऱ्या मुलांवरचा सरकारी अहवाल त्याने वाचला आणि त्यावर पत्रक काढायचं ठरवलं. पत्रकाऐवजी ही गोष्ट झाली.

गोष्टीत तीन भुतं आहेत, त्यामुळे आपण तिला भुतांची गोष्ट समजतो. पण तिच्यात सुरुवातीलाच एक खटका रजेवरून उडतो. कारकून बॉब क्रॅचिटला २५ तारखेचा आख्खा दिवस हवा आहे. काम न करता पगार द्यायचा म्हणजे दरवर्षी माझा खिसा कापण्यासारखं आहे, अशा अर्थाचं स्क्रूज बोलतो, रजा देतो, आणि परवा सकाळी लवकर यायला बजावतो. २६ तारखेला बॉब साडेअठरा मिनिटं उशिरा येतो आणि घाबरून जातो. तोवर स्क्रूज बदललेला असतो म्हणून बरं. २६ डिसेंबरला इंग्लंडमध्ये बँकांची कायदेशीर सुट्टी मिळाली ती १८७१ मध्ये. त्याआधी १८३३ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतल्या मुलांना नाताळचा दिवस सुट्टी म्हणून दिला होता.

यावेळी वाचताना मला वेगळंच काही दिसलं. बदललेला स्क्रूज नाताळच्या सकाळी एका पोराला पाठवून मोठी टर्की विकत आणवतो. म्हणजे कोंबडीवाल्याचं दुकान उघडं आहे. क्रॅचिटांच्या घरी भट्टी नाही, त्यांचं हंस भाजलं जातं बेकरीत. म्हणजे बेकरीवालाही कामावर आहे. रजेच्या हक्काची जगातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट, आणि तीही कोणीतरी रजेवर नसल्यामुळेच पूर्ण होते.

स्कॉटलंडमध्ये प्युरिटनांच्या भाऊबंदांचा, प्रेस्बिटेरियन चर्चचा, प्रभाव इतका टिकला की तिथे नाताळ सार्वजनिक सुट्टी झाला तो १९५८ मध्ये. माझ्या आजीच्या लग्नानंतर. क्यूबात १९६९ साली फिडेल कास्ट्रोच्या सरकारने ही सुट्टी काढून घेतली, कारण ऊसतोडणीचा हंगाम होता आणि एक कोटी टन साखरेचं लक्ष्य ठेवलं होतं. लक्ष्य गाठता आलं नाहीच. सुट्टी परत आली ती १९९७ मध्ये, पोपच्या भेटीच्या तोंडावर.

आणि आपला रविवार

हे सगळं वाचताना लक्षात आलं की मी ज्या निवांत रविवारी हे वाचत होते, तोही असाच कोणीतरी भांडून मिळवलेला आहे. प्युरिटनांना जो एकमेव सुट्टीचा वार मान्य होता, तो मुंबईच्या गिरणी कामगाराला एकोणिसाव्या शतकात मिळत नव्हता. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली. आठवड्याला एक सुट्टी, ही त्यांच्या प्रमुख मागण्यांपैकी एक. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, त्यात दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

सुट्टी आभाळातून पडत नाही, एवढं तर यावरून कळतं. ती कोणीतरी मागितलेली असते, कोणीतरी नाकारलेली असते. पण मला जास्त टोचलं ते वेगळंच. आल्फ्रेडच्या यादीत गुलाम वगळलेले आहेत हे निदान लिहिलेलं तरी आहे. ब्रॅडफर्डने चेंडू जप्त केला तो समोर उभं राहून. माझ्या स्क्रिप्टमध्ये कोणाचंच नाव वगळलेलं नव्हतं, सगळ्यांना सारखा न्याय होता, आणि तरीही तीन वर्षं एकाच माणसाचा सण जात राहिला. त्याच्याशी भांडायला कोणी समोर नव्हतंच. चाळीस ओळींशी काय भांडणार?

स्क्रिप्ट आता एक्केचाळीस ओळींची आहे. रोटा तयार होण्याआधी प्रत्येकाने वर्षातला एक दिवस सांगायचा, त्या दिवशी त्याची पाळी येणार नाही. कारण विचारायचं नाही. कोणी लक्ष्मीपूजन लिहिलं, कोणी ईद. एकाने मुलीचा वाढदिवस. एकीने १४ एप्रिल. वसईच्या सहकाऱ्याने २५ डिसेंबर लिहिलं, आणि खाली ओळ टाकली की कोणाची अडचण होणार असेल तर माझा विचार करू नका.

यंदा बावन्नावा आठवडा माझ्याकडे आहे. २४ च्या रात्री तो मिस्सेला जाईल आणि सकाळी उशिरापर्यंत झोपेल. मी फोन उशाशी ठेवून झोपेन. सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीतून प्लम केक आणायचा ठरवलं आहे. ती त्या दिवशी उघडी असते. या वेळी बेकरीवाल्या काकांना विचारीन म्हणते, तुमची सुट्टी कधी असते?